हवेतले दोन मिलिमीटर

मी साठ वर्षांची होते तेव्हा फार लहान होते. आता सत्तरीला टेकल्यावर त्या बाईकडे वळून पाहिलं की तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटतो आणि त्याच हाताने एक चापटही द्यावीशी वाटते. जबलपूरला राइट टाउनच्या एका शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून ती नुकतीच निवृत्त झाली होती. निरोपसमारंभातली शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ती घरी आली. आपल्याला सगळं येतं, जगाने अजून विचारलं नाही एवढंच, अशा थाटात घरभर वावरू लागली. परवा हे ऐकून माझी नात म्हणाली, "आजी, आप सच में ऐसी थीं?" होते बाई. याहून वाईट होते, तुला धुऊन-वाळवून सांगून राहिली मी.

गोहलपुरात आमच्या ह्यांचा छोटा कारखाना होता. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, एक टेबल आणि मधोमध एक जुनं सीएनसी लेथ मशीन. लेथवर लोखंडाची कांब गरगर फिरते आणि तिला टूल, म्हणजे कापणारं पातं, लावून मापात आणतात. साध्या लेथवर टूल माणूस हाताने पुढेमागे करतो. सीएनसीवर ते आकड्यांच्या हुकमाने चालतं, आणि ते आकडे आमचे हे एका निळ्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवत. मशीन त्यांनी दुसऱ्याकडून जुनं घेतलं होतं आणि त्यावर वीस वर्षं काम केलं होतं. कारागीर म्हणाल तर तेच, मालक म्हणाल तर तेच.

मग ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पोरांनी घरात मराठीच बोलायची म्हणून जन्मभर डोळे वटारलेल्या माणसाकडे शेवटी एकच शब्द उरला, आणि तोही हिंदी: "अच्छा." भूक लागली तरी अच्छा, राग आला तरी अच्छा. त्यानंतर दोन महिन्यांनी मशीनचा पडदाही काळा पडला, तो कायमचा. मी शेजारणीला म्हटलं, "आमच्याकडे दोघांची डोकी एकाच वर्षी बसली." ती हसली नाही. मी हसले. तेव्हा दुसरं काही करता येत नव्हतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या दीदींसमोर हे हात उचलत नसत, चेंडू दाबत नसत, भिंतीकडे तोंड करून पडून राहत. पण सकाळी नऊला स्वतःहून उठून बसत. डाव्या हाताने काठी धरत आणि दाराशी जाऊन रिक्षाची वाट पाहत. रिक्षावाले भैया त्यांना धरून बसवत आणि गोहलपुरात उतरवत. तिथे हे बंद मशीनसमोर खुर्चीत बसत आणि एक वाजता परत येत. डॉक्टर म्हणाले, "हे जाणं थांबू देऊ नका. माणूस तेवढ्यावर उभा आहे."

ते कसं थांबू द्यायचं नाही, हे मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही. रिछाईकडच्या एका पंपाच्या कारखान्याचे शाफ्ट, म्हणजे पंपात फिरणारे आस, आम्ही करत असू. तेवढंच एक काम उरलं होतं. त्यांच्या खरेदीवाल्या साहेबांनी ह्यांच्या आजारपणात बराच धीर धरला आणि मग मला बोलावून म्हणाले, "मैडम, महीने के आख़िरी शनिवार तक दस पीस सही बनाकर दिखा दीजिए। नहीं तो काम दूसरी जगह देना पड़ेगा।" काम गेलं तर कारखान्याला कुलूप लागणार आणि कुलूप लागलं तर नऊ वाजता हे कुठे जाणार?

साठ वर्षांच्या त्या पोरीने ठरवलं, मशीनला नवा मेंदू बसवायचा आणि मशीन आपणच चालवायचं. सायन-कोसायन पस्तीस वर्षं शिकवले, हे काय अवघड!

इंदूरहून एक इंजिनियर आले. त्यांनी जुना कंट्रोलर काढून नवा बसवला. नव्या मोटारी आणि नव्या तारा घातल्या, सगळं आठ दिवसांत. आत वाकून पाहिल्यावर ते म्हणाले, "मैडम, बॉलस्क्रू भी बदलवा लीजिए।" टूलला पुढेमागे नेणारी ही लांब आट्यांची दांडी. त्या पोरीने खाली वाकून पाहिलं. दांडी लखलखत होती. "काहून बदलायची? आरशासारखी चमकून राहिली!" ती म्हणाली. स्वयंपाकघरातली भांडी पारखायचा हा नियम तिने मशीनलाही लावला. दांडी चमकत होती ती झिजून झिजूनच, हे तिला कोण सांगणार? इंजिनियर सांगत होते, पण ते वयाने लहान होते आणि तिला लहानांचं ऐकायची सवय नव्हती.

मग तिने निळं रजिस्टर उघडलं.

ते आकडे नव्या कंट्रोलरमध्ये घालायचे होते. नुसते उतरवून काढले असते तर मी आज हे लिहायला बसलेच नसते. पण तिच्या हातात लाल पेन होतं. दुसऱ्याची वही आणि लाल पेन एकत्र आले की तिचा हात आपोआप चाले. शाफ्टला तीन पायऱ्या होत्या, टोकाला बारीक, मग जाड, मग आणखी जाड. एका पायरीवरून दुसरीवर जाताना टूलने सरळ त्या मापावर जाऊन थांबायचं, तर ह्यांनी लिहिलं होतं की आधी मापाच्या दोन मिलिमीटर बाहेर जा, हवेत थांब, मग परत आत येऊन माप धर. प्रत्येक पायरीला हेच. दोन बिंदूंमधलं सगळ्यात लहान अंतर सरळ रेषा असते, हे ती आठवीच्या पोरांना बेंचावर उभं करून म्हणायला लावत असे. इकडे तिचा स्वतःचा नवरा वीस वर्षं हवेत चकरा मारत होता! तिने ओळीमागून ओळ खोडली. समासात "अनावश्यक" लिहिलं, "सरळ जावे" लिहिलं. एका पानावर तर कंटाळून लिहिलं, "लक्ष कुठे होतं?"

आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायली.

पहिल्या दिवशी मशीनला हळद-कुंकू लावलं आणि नारळ फोडला. हे खुर्चीत बसले होते. मी कांब आवळली, दार लावलं आणि हिरवं बटण दाबलं. असा आवाज उठला की शेजारच्या वेल्डिंगवाल्याने काम थांबवून डोकावून पाहिलं. मांजरीची शेपटी दारात सापडावी तसा आवाज. पीस बाहेर काढला तर अंगभर शिंपल्यासारख्या लाटा. माप घेतलं तर पहिली पायरी बरोबर, दुसरी मापाहून बारीक आणि तिसरीची तूट त्याहून जास्त. हे डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवत होते.

"पाहा, किती आनंद झाला ह्यांना," ती पोरगी वेल्डिंगवाल्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना बोलावलं. गोहलपुरातले जुने फिटर, ह्यांचे तीस वर्षांचे दोस्त. उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला, पिसावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ये तो चैटर मार रहा है, भाभी। टूल थरथरा रहा है।"

"पण नवीनच आहे. नया है टूल."

"नया तो है। मगर आपने इसे बाहर कितना निकाल रखा है? जैसे खिड़की से गर्दन निकालकर सब्ज़ीवाले को बुला रही हों।"

टूल नीट दिसावं म्हणून मी ते चांगलं बोटभर बाहेर काढून आवळलं होतं. उस्तादांनी ते आत ढकललं, त्याची उंची कांबेच्या मध्याशी जुळवली आणि मी बढाईने वाढवलेला वेग खाली आणला. लाटा गेल्या. पीस गुळगुळीत आला. मी टाळ्या वाजवल्या. मग माप घेतलं. पहिली पायरी बरोबर, दुसरी मापाहून चाळीस मायक्रॉन बारीक.

चाळीस मायक्रॉन म्हणजे केसाची अर्धी जाडी. पण त्या शाफ्टवर बेअरिंग बसायचं असतं आणि बेअरिंगला अर्धा केसही चालत नाही.

पुढचे काही दिवस तपासणीतच गेले. उस्तादांनी डायल लावून सगळं तपासलं. कांब पकडून फिरवणारा चक तपासला, पट्टे ताणले, पायांखालची पातळी बघितली. मी इंदूरला फोन लावला.

"मैडम, स्क्रू में प्ले होगा," इंजिनियर म्हणाले. म्हणजे आट्यांमध्ये ढिलाई. मोटार फिरते, पण टूल दिशा बदलताना थोडं मागे राहतं. "मैंने उसी दिन कहा था..."

"ते राहू द्या. आता काय करू ते सांगा."

"कंट्रोलर में उतना आँकड़ा भर दीजिए, वो ख़ुद जोड़ लेगा।"

आकडा भरला. दुसरी पायरी बरोबर आली आणि तिसरी बिघडली. तिसरीसाठी आकडा बदलला तर दुसरी गेली. दांडी सगळीकडे सारखी झिजलेली नव्हती. वीस वर्षं जिथे जास्त चालली तिथे जास्त ढिली, जिथे कमी चालली तिथे कमी. एक आकडा सगळ्यांना पुरत नव्हता. तेव्हा आमच्या गणिताच्या बाईंनी काय केलं असेल? सरासरी काढली! सरासरी घातल्यावर दोन्ही पायऱ्या सारख्याच चुकल्या. पहिल्यांदाच पिसात न्याय दिसला.

नवा बॉलस्क्रू मागवायचा म्हटलं तर त्या जुन्या मशीनला बसेल असा तयार मिळत नव्हता. करून घ्यायला दीड महिना लागणार होता. शनिवार आठवड्यावर आला होता.

तिकडे ह्यांचं वेगळंच चाललं होतं. मशीन चालू असताना टूल पायरीपाशी आलं की ते खुर्चीचा दांडा बडवत. घरी जेवताना पाण्याचा पेला डाव्या हाताने ताटापलीकडे ढकलत, मग थोडा मागे ओढत. पुन्हा ढकलत, पुन्हा मागे ओढत. "अच्छा! अच्छा!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अहो, तिकडे ठेवू का पेला?" मी तिकडे ठेवला. त्यांनी मान हलवली. "वरण पाहिजे?" मी वरण वाढलं. त्यांनी ताट सरकवून दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, बाईमाणसाने आपल्या मशीनला हात लावला म्हणून हे रुसले आहेत. मग मीही रुसले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि आम्ही एका पेल्यावरून दोन दिवस अबोला धरला, त्यातही एकाला बोलताच येत नव्हतं.

शनिवार आला आणि गेला. सकाळीच मी साहेबांना फोन केला. "दोन-तीन दिवस और दे दीजिए।" ते म्हणाले, "देख लीजिए, मैडम।" या उत्तराचा अर्थ मला कळला नाही असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी उस्ताद स्टुलावर बसून बराच वेळ विडी हातात फिरवत राहिले, पेटवली नाही. मग म्हणाले, "भाभी, एक बात समझ में नहीं आती। ये ढिलाई कोई आज की थोड़े है। दस साल से होगी। फिर भैया इसी मशीन पर सही काम कैसे निकालते थे?"

मला हा प्रश्न पडला नव्हता. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या बाईला नेमका हा एक पडला नव्हता.

"उनकी किताब दिखाइए," उस्ताद म्हणाले.

मी निळं रजिस्टर दिलं. ह्यांच्या खुर्चीशेजारी उभं राहून उस्तादांनी ते उघडलं. एक पान उलटलं. दुसरं उलटलं.

"ये लाल किसने मारा?"

उस्तादांचं बोट एका खोडलेल्या ओळीवर होतं. ते मनाशी पुटपुटत होते, "बाहर जाओ... फिर अंदर आओ..." मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. "अरे! ये तो हर बार एक ही तरफ़ से आ रहे हैं। आगे निकलकर, लौटकर, हमेशा बाहर से अंदर। आते-आते सारी ढिलाई हवा में ही ख़त्म। फिर पेंच जहाँ भी घिसा हो, फ़र्क़ ही नहीं पड़ता।" त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाह रे भैया! बीस साल किसी को बताया नहीं।"

हे खुर्चीत ताठ झाले होते. डावा हात हवेत पुढे गेला, थोडा मागे आला. पुढे गेला, मागे आला. पाण्याचा पेला जसा जात होता तसाच.

"और ये क्या लिखा है?" उस्तादांनी समासावर बोट ठेवलं. "मराठी में है। लक्ष... कुठे..."

दुसरीकडे पाहत मी सांगितलं, "लिखा है, ध्यान कहाँ था।"

उस्तादांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. आणि हे हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. तोंड एका बाजूनेच हसत होतं, लाळ गळत होती, खुर्ची हलत होती. हसता हसता ते कधी रडू लागले ते मला कळलं नाही. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि माझंही पुसलं. जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं, पण गोहलपुरातली ती जमीन सिमेंटची होती.

संध्याकाळपर्यंत मी खोडलेल्या सगळ्या ओळी परत घातल्या. मंगळवारी दहा पीस काढले. मापं हे स्वतः बघत होते. उस्ताद मायक्रोमीटर धरून देत आणि हे डाव्या डोळ्याजवळ नेऊन पाहत. दहाही बरोबर आले. मी ते जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळून डब्यात भरले आणि रिक्षाने रिछाईला गेले.

साहेबांनी दहाही पीस मोजले, घाई न करता, एकेक. "बहुत बढ़िया, मैडम। भाईसाहब के हाथ जैसा काम है।" मग डब्यात परत ठेवले आणि झाकण स्वतः लावलं. "पर मैंने शनिवार शाम को दूसरी पार्टी को दे दिया। साल भर का। अब मेरे हाथ में नहीं है।"

मी म्हटलं, "तीनच दिवस झाले."

"जी," ते म्हणाले. चांगला माणूस होता. त्याने मला चहा पाजला. तो मी पूर्ण प्याले, कारण उठले तर पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

ह्यांना मी सांगितलं नाही. बुधवारी नऊला ते दाराशी उभे होते, चेहऱ्यावर रंग होता, काठी जमिनीवर आपटत होते. अशा माणसाला काय सांगणार? कारखान्यात गेलो, मी एक कांब लावली, हिरवं बटण दाबलं आणि म्हटलं, "नवीन ऑर्डर आहे." पिसांचा एक ढीग लागला. तो मी संध्याकाळी उस्तादांकडे नेऊन ठेवला.

दुसऱ्या कामांसाठी मी फिरले. आधारतालला गेले, दोन-तीन ठिकाणी पीस दाखवले. प्रत्येकाने पीस हातात घेऊन कौतुक केलं आणि विचारलं, "मशीन पर कौन है?" मी म्हणे, "मैं." मग ते चहा मागवत. त्या महिन्यात मी जबलपूरभर फुकट चहा प्याले.

कांबा संपल्या तेव्हा शेवटची एक रोज थोडी थोडी बारीक करू लागले. आकडे बदलायला आता मला लाल पेन लागत नव्हतं. रोज दोन मिलिमीटर कमी. टूल त्या कांबेवरून फिरे, कीस पडे, आवाज तोच. ह्यांचे कान त्या आवाजाला लागलेले असत आणि ते डोळे मिटून बसत. कीस पडतोय तोवर काम आहे, असा माझा हिशोब. पण कांब बोटाएवढी झाली आणि टूल लागताच लवायला लागली. लवली की थरथरायची, थरथरली की पुन्हा तोच आवाज, पहिल्या दिवशीचा. मी वेग कमी केला. टूल आत ढकललं. उस्तादांनी शिकवलेलं सगळं करून पाहिलं. बारीक कांबेला काही उपाय नव्हता.

त्या सकाळी आवाज वाढत गेला तसे हे डोळे उघडून बघत राहिले. मग काठी टेकत उठले, स्वतःहून, मशीनपर्यंत तीन पावलं. मी धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. नव्या कंट्रोलरवर एक मोठं लाल बटण असतं, सगळं एकदम थांबवायचं. ते त्यांनी डाव्या हाताच्या तळव्याने दाबलं.

"अहो, काहून बंद केलं? पीस अर्धाच राहिला."

त्यांनी काचेतून आत पाहिलं. चकमध्ये पेन्सिलीएवढी कांब. मग कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे कांबांच्या रिकाम्या पेट्या मी ताडपत्रीने झाकून ठेवल्या होत्या. ताडपत्रीचं टोक त्यांनी काठीने उचललं आणि खाली सोडलं. त्यांना हे केव्हापासून माहीत होतं ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर एकच मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता रिक्षाने हॉर्न दिला. हे उठले नव्हते. जागे होते, भिंतीकडे तोंड होतं. मी बाहेर गेले.

"अंकलजी?" रिक्षावाले भैयांनी विचारलं.

"आज नाही," मी म्हटलं. "आज छुट्टी है।"

"तबीयत तो ठीक है ना?"

"ठीक है।"

"चलो, कोई बात नहीं।" त्यांनी रिक्षा वळवली, मग डोकं बाहेर काढलं. "कल आ जाऊँ, आंटी?"

मी फाटकाची कडी धरून उभी होते. पस्तीस वर्षं हजेरी घेतली होती मी. हो की नाही, एवढंच सांगायचं होतं. भैया इंजिन चालू ठेवून वाट पाहत राहिले.